चाळिशीतला बॅले आणि खुब्याचा सांधा

प्रौढ वयात बॅलेच्या पहिल्या वर्गाला गेलेल्या माणसाला बहुधा पहिली सूचना मिळते ती टाचा जुळवून पावले बाहेर वळवण्याची. ती ऐकताच सगळे नवखे खाली पाहतात, चवडे सरकवत सरकवत शेजाऱ्याच्या पावलांइतके उघडतात आणि तोल जाऊ नये म्हणून भिंतीलगतचा लाकडी दांडा घट्ट धरून उभे राहतात. बेचाळिसाव्या वर्षी मीही हेच केले, आणि पुढचे तीन महिने गुडघ्याच्या आतल्या बाजूला उठणारी ठणक वयाच्या खात्यावर मांडत राहिले. प्रत्यक्षात वयाचा त्यात फारसा दोष नव्हता. माझी पावले जितकी बाहेर वळली होती तितका खुबा वळला नव्हता, आणि मधली तूट गुडघा भरून काढत होता. बॅले उशिरा सुरू करणाऱ्याला इतर कशाहीआधी हा हिशोब कळायला हवा, म्हणून या लेखात बाकीच्या गोष्टी त्याच्याच अनुषंगाने घेतल्या आहेत.

पावले बाहेर वळवण्याला वर्गात ‘टर्नआउट’ म्हणतात, आणि त्याची मुळे फ्रान्सच्या राजदरबारात आहेत. चौदाव्या लुईला नृत्याचा नाद होता. १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने एका दरबारी नृत्यनाट्यात उगवत्या सूर्याची भूमिका केली होती, आणि १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची राजअकादमी स्थापन केली. पावलांच्या ज्या पाच स्थिती आजही जगभरच्या वर्गांत सुरुवातीलाच शिकवल्या जातात, त्यांची मांडणी पिएर बोशाँ या त्याच्या नृत्यगुरूच्या नावावर आहे. बॅलेची सारी परिभाषा फ्रेंच का, याचे उत्तरही त्यातच आले. प्रेक्षकांकडे तोंड ठेवून बाजूला सरकायचे असेल तर मांडी बाहेर वळवलेली सोयीची पडते, आणि रेशमी मोज्यातली पोटरी व उंच टाचेचा जोडाही त्यामुळे चांगला दिसतो. यासँत रिगो या चित्रकाराने १७०१ साली रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात साठी ओलांडलेला लुई आपला जड झगा बाजूला सारून पाय दाखवत उभा आहे, तो याच अभिमानाने. मात्र त्या काळी दोन्ही पावलांमध्ये मिळून साधारण काटकोनाइतकेच वळण अपेक्षित असे. दोन्ही पावले एका सरळ रेषेत, म्हणजे १८० अंशांत, आणण्याचा आग्रह बराच नंतरचा, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला आहे. प्रौढ नवशिक्याच्या पायांना जे वळण सहज मिळते ते जवळपास राजाच्याच मापाचे असते, हे पहिल्या वर्गात कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आता हे वळण येते कुठून ते पाहू. खुबा हा उखळीचा सांधा आहे: मांडीच्या हाडाचे चेंडूसारखे टोक कमरेच्या हाडातील खोबणीत बसलेले असते आणि तिथे ते फिरते. ही खोबण किती खोल आहे, तिचे तोंड पुढे आहे की बाजूला, आणि चेंडूखालची हाडाची मान कोणत्या कोनात वळलेली आहे, यावर पाय किती फिरेल याची हद्द ठरते. प्रौढ माणसाच्या एका खुब्याला साधारणतः ४० ते ५० अंशांचे बाह्य वळण मिळते. ज्यांना याहून पुष्कळ अधिक मिळते ते बहुधा तसे जन्मलेले असतात, शिवाय हाडे कोवळी असताना त्यांनी तालीम सुरू केलेली असते. पॅरिस ऑपेराची शाळा किंवा सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी मुलांना दहाव्या वर्षाच्या आसपास निवडते, आणि निवडताना त्यांचे खुबे, घोटे व पाठ तपासते, त्यामागे हेच कारण आहे. वाढ पूर्ण झाल्यावर हाडांचा आकार कोणत्याही ताणाने बदलत नाही, त्यामुळे ‘रोज ताणले की उघडेल’ हा सल्ला चाळिशीत अर्धाच खरा असतो.

इथे मराठी वाचकाला एक रास्त शंका येईल. आपण लहानपणापासून पाटावर मांडी घालून जेवलो, बद्धकोनासनात आपले गुडघे जमिनीला टेकतात, मग उभे राहिल्यावरच खुबे का आखडतात? याचे उत्तर सांध्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या एका जाड अस्थिबंधात आहे. आपण उभे असताना धड मागे कलंडू नये म्हणून निसर्गाने दिलेला हा पट्टा शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी एक आहे. मांडी घालून बसल्यावर खुबा पुढे दुमडलेला असतो, त्यामुळे पट्टा सैल पडतो आणि पाय भरपूर फिरतो. उठून सरळ उभे राहिलो की तोच पट्टा पिळलेल्या दोरीसारखा ताठ होतो आणि वळण रोखतो. म्हणजे जमिनीवर दिसणारी लवचीकता उभ्याने तशीच हाती लागेल असे नाही, आणि योगवर्गात वाखाणल्या गेलेल्या मंडळींची बॅलेच्या वर्गात निराशा होते ती बहुतेक याच ठिकाणी.

हा खुलासा एकदा समजला की एक चोरवाटही दिसू लागते. कमरेत किंचित वाकून नितंब मागे काढले की खुबा जरासा दुमडतो, पट्टा सैल होतो आणि पावले आणखी दहा-पंधरा अंश उघडतात. आरशात समोरून पाहिले तर काम फत्ते झाल्यासारखे वाटते. बाजूने पाहिले तर पाठीच्या खालच्या भागात खोलगट बाक आलेला, पोट पुढे आलेले आणि शरीराचे सगळे वजन टाचांवर गेलेले दिसते. माझ्या शिक्षिका ‘शेपूट खाली सोडा’ असे म्हणत तेव्हा त्या डौलाविषयी बोलत आहेत असा माझा समज होता. त्या खरे तर ही चोरी पकडत होत्या.

आपले खरे माप घरच्या घरी काढता येते. पायांत सुती मोजे घालून स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हात टेकवून उभे राहावे, टाचा जुळलेल्या आणि पावले समांतर ठेवावीत, मग चवडे जमिनीपासून जेमतेम सुटतील इतके उचलून दोन्ही मांड्या खुब्यापासून बाहेर फिरवाव्यात आणि चवडे जिथे येतील तिथे अलगद खाली ठेवावेत. मोजे घालायचे ते मुद्दामच. अनवाणी तळवा फरशीला चिकटतो आणि खुब्याने न दिलेले वळणही जमिनीच्या घर्षणावर अडकवून ठेवता येते; मोज्यांमुळे ती सोय राहत नाही, आणि पावले आपसूक आपल्या खऱ्या जागी परत सरकतात. त्यानंतर गुडघे थोडे वाकवून वरून पाहावे. गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रोखाने असेल तर माप बरोबर आहे. ती अंगठ्याच्या आत जात असेल आणि तळव्याची कमान जमिनीकडे कोसळत असेल, तर पावले आत घ्यावीत, मग शेजारचा कितीही उघडलेला असो. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा चालणारा सांधा आहे. वाकलेल्या स्थितीत तो थोडासा फिरतो, पण वजनाखाली रोज पिळला गेला तर त्याच्या आतल्या बाजूचे अस्थिबंध आणि गादी यांना ते सोसत नाही.

हाडांची हद्द बदलत नसली तरी त्या हद्दीच्या आतले काम मात्र कोणत्याही वयात वाढते, आणि प्रौढ शिकणाऱ्याच्या प्रगतीचा फार मोठा वाटा यातच असतो. नितंबाच्या मोठ्या स्नायूखाली खोलवर सहा लहान स्नायू आहेत, ते मांडीला बाहेर फिरवतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसात ते इतके सुस्तावलेले असतात की प्रत्येक खुब्यात ४५ अंश उपलब्ध असूनही चालताना, वाकताना, एका पायावर उभे राहताना त्यातले तीसही हाती राहत नाहीत. कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, पावले एकमेकांना जुळलेली ठेवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा आणि तेवढ्याच सावकाश मिटायचा, हा व्यायाम या स्नायूंना जागे करतो. तो करताना कंबर मागे लुढकली तर सगळे श्रम वाया जातात, म्हणून पाठ भिंतीला टेकवून करणे चांगले.

वर्गाची सुरुवात ज्या दांड्याशी होते त्याला ‘बार’ म्हणतात, आणि त्याच्याशी पहिला व्यायाम असतो तो प्लिए. या शब्दाचा अर्थ ‘दुमडलेला’. दिसायला ही अर्धी बैठक आहे, आणि व्यायामशाळेत जाणारी माणसे ती बैठकीसारखीच मारतात: खाली जाताना सैल आणि वर येताना जोर लावून. प्लिएत खाली जाणे आणि वर येणे या दोन्हींना सारखाच वेळ आणि सारखाच विरोध द्यायचा असतो. धड दोरीने वर टांगल्यासारखे उभे राहते, गुडघे पावलांच्या रोखाने उघडत जातात, टाचा जमिनीवरच राहतात आणि जिथे त्या सुटू पाहतील तिथे अर्धे प्लिए संपते. ही खोली टाचेमागची जाड कंडरा आणि घोटा ठरवतात, आणि उकिडवे बसण्याची सवय ज्यांनी टिकवली आहे त्यांना इथे खराखुरा फायदा मिळतो. पूर्ण प्लिएत टाचा उचलल्या जातात, फक्त पावलांत अंतर असलेल्या दुसऱ्या स्थितीत त्या खालीच राहतात. नवशिक्यांनी पूर्ण प्लिएची घाई करू नये, कारण खोल वाकलेल्या गुडघ्यावर वळणाची लबाडी सर्वांत महाग पडते.

प्लिएला इतके महत्त्व का, हे उड्या सुरू झाल्यावर कळते. प्रत्येक उडी प्लिएतून सुटते आणि प्लिएतच उतरते. उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पायांवर येतो. आधी बोटे, मग चवडा, मग टाच आणि लगेच गुडघा अशा क्रमाने पाय जमिनीला भेटला की तो भार वाटला जातो आणि उतरण्याचा आवाज होत नाही. शिक्षक डोळे मिटूनही कोणाचे प्लिए कच्चे आहे ते सांगू शकतात, ते या आवाजावरून.

बारवरचे बाकीचे व्यायाम हे एका पायावर उभे राहून दुसऱ्याला निरनिराळ्या प्रकारे कामाला लावण्याचे धडे आहेत. ताँद्यू म्हणजे ताणलेला, त्यात पाऊल जमिनीला घासत बाहेर जाते आणि बोटांच्या टोकांवर थांबते. तोच पाय जरा वेगाने जमिनीवरून सुटला की देगाजे, जमिनीवर अर्धवर्तुळ काढले की राँ द जांब, दोन्ही गुडघे विरघळल्यासारखे एकत्र वाकून सरळ झाले की फाँद्यू, जमिनीवर चपळ ठोका मारला की फ्रापे, आणि शेवटी पाय उंच भिरकावला की ग्राँ बातमाँ. यातल्या कशातही खरी परीक्षा फिरणाऱ्या पायाची नसते. ज्याच्यावर आपण उभे आहोत तो पाय खुब्यातून बाहेर वळलेलाच राहिला का आणि कंबर त्याच्यावर समतोल राहिली का, हे पाहायचे असते. हात बारवर ठेवायचा तोही ओट्यावर ठेवलेल्या पातेल्याचे झाकण चाचपावे इतपतच. बोटे पांढरी पडत असतील तर उभा पाय काम करत नाही हे समजावे.

शरीरापेक्षा स्मरणशक्तीने अधिक घाम फोडला, असा अनुभव बहुतेक प्रौढांना येतो. शिक्षक दहा सेकंदांत पूर्ण रचना हातांनीच खुणावून दाखवतात: चार ताँद्यू पुढे, चार बाजूला, चार मागे, मग दोन प्लिए, चवड्यांवर वर येणे आणि दुसरी बाजू. मुले ती पाहून उचलतात. आपण ती शब्दांत बांधू पाहतो, आणि शब्द पोहोचेपर्यंत पियानो दोन ओळी पुढे गेलेला असतो. फ्रेंच नावे वर्गाबाहेर बसून पाठ करणे हा यावरचा साधा उपाय आहे, कारण नावातच कृती दडलेली असते. मोजणी बहुतेक आठांची चालते. कथक शिकलेल्या माझ्या एका वर्गमैत्रिणीला आठ मात्रा सोप्या वाटतील अशी आमची अटकळ होती, पण तुकडा समेवर येऊन संपवण्याची तिची सवय इतकी पक्की होती की प्रत्येक रचनेच्या शेवटी ती पुढच्या ‘एक’ची वाट पाहत राही आणि बाकीचा वर्ग आठवर थांबून तिच्याकडे पाहत राही.

गिरक्यांच्या बाबतीत मात्र तिचेच पारडे जड होते. पिरुएत, म्हणजे एका पायाच्या चवड्यावर घेतलेली गिरकी, घेताना नजर समोरच्या एका बिंदूवर रोखायची, धड फिरत असताना डोके शक्य तितका वेळ मागे ठेवायचे आणि मग झटक्यात फिरवून पुन्हा तोच बिंदू पकडायचा असतो. कथकच्या चक्करांतही नजर अशीच सांभाळतात. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो. डोके सतत फिरत राहिले की तो द्रवही फिरू लागतो आणि आपण थांबल्यावरही क्षणभर वाहत राहतो, त्यामुळे खोली गरगरते. डोके थांबत-थांबत फिरवल्याने द्रवाला तशी अखंड गती मिळत नाही, आणि डोळ्यांनाही टेकायला जागा राहते. प्रौढांना पहिल्या काही आठवड्यांत अर्ध्या गिरकीनेही मळमळते; वळण चतकोर-चतकोर वाढवत नेले की हे हळूहळू कमी होते.

भरतनाट्यम शिकलेल्यांची अडचण वेगळी, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. आरामंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीतही, मांड्या बाहेर वळलेल्या असतात, त्यामुळे आपल्याला टर्नआउट येते असा समज होतो. आरामंडीत गुडघे दुमडून खाली स्थिरावायचे असते आणि पाऊल जमिनीवर वाजवायचे असते. बॅलेत पाय सरळ करून वर निघायचे आणि आवाज गिळायचा. खुबा दुमडलेला असताना मिळणारे वळण सरळ पायावर टिकवणे म्हणजे, मांडी घालून बसणे आणि उभे राहणे यांतला जो फरक वर सांगितला, तोच पुन्हा समोर येणे. या दोन नृत्यांची भेट आपल्याकडे फार पूर्वी एका प्रौढ शिष्येच्या रूपाने झालेली आहे. १९२८ साली रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा मुंबईत आली तेव्हा पुढे भरतनाट्यमसाठी नावाजलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल चोविशीत होत्या. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर दोघींचा स्नेह जुळला आणि पाव्हलोव्हाच्या चमूतील क्लिओ नॉर्डी हिच्याकडे रुक्मिणीदेवींनी बॅलेचे धडे घेतले. आपल्या देशाच्या नृत्याकडे पाहण्याचा सल्लाही त्यांना पाव्हलोव्हाकडूनच मिळाला. १९३६ साली त्यांनी चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, स्थापन केलेली कलाक्षेत्र ही संस्था हा त्याच्या पुढचा इतिहास आहे.

वर्ग निवडताना लोक शिक्षकांची चौकशी करतात, पण जमिनीची करत नाहीत. बॅलेची जमीन लवचीक लाकडी पाटाची असावी लागते, जी खाली पोकळी असल्याने उडीखाली किंचित दबते, आणि तिच्यावर न घसरणारे व्हिनाइलचे आच्छादन असते. आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या सभागृहांत बहुतेक ठिकाणी स्लॅबवर बसवलेली फरशी किंवा संगमरवर असतो. मी ज्या सभागृहात सुरुवात केली तिथे चकचकीत संगमरवरावर सोळा-सोळा उड्या मारून घेत, आणि दुसऱ्या महिन्यात नडगीच्या हाडावर बोट टेकवले तरी कळ येऊ लागली. टाचेने ठोकून पाहिले की कळते: पोकळ, लाकडी आवाज आला तर उड्या माराव्यात, दगडाचा आवाज आला तर बारचे व्यायाम खुशाल करावेत आणि उड्यांच्या वेळी नम्रपणे बाजूला उभे राहावे. स्नायूंचे दोन दिवसांचे जडपण हे कामाचे दुखणे असते. सांध्यात किंवा हाडावर एका बिंदूशी टोचणारे दुखणे ही तक्रार असते, आणि तिला लवचीकतेच्या नावाखाली दाबू नये.

कपड्यांचे फार अवडंबर नको. गुडघा आणि कंबर शिक्षकांना दिसेल इतके अंगासरशी कपडे आणि कापडाचे किंवा चामड्याचे मऊ जोडे पुरतात. जोडा मोज्यासारखा घट्ट बसला पाहिजे. नेहमीच्या चपलेसारखी पुढे बोटभर जागा ठेवून घेतलेला जोडा तळव्याची हालचाल लपवतो. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला दर वेळी पहिलीपासून सुरुवात केल्यासारखे वाटते, दोनदा जाणाऱ्याला तीन-चार महिन्यांत उभ्या पायातला फरक कळतो. वयाची वरची मर्यादा तर कोणी घातलेलीच नाही. १९२० साली स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ डान्सचे ‘सिल्व्हर स्वान्स’ हे वर्ग खास पंचावन्नच्या पुढच्यांसाठी चालतात. मुंबईतही साठच्या दशकापासून तुश्ना डलास यांच्या शाळेत बॅले शिकवला जातो आहे, तेव्हा ही विद्या आपल्याकडे काल आलेली नाही.

राहिला तो प्रत्येकजण पहिल्याच महिन्यात विचारतो तो प्रश्न: बोटांच्या टोकांवर कधी उभे राहता येईल? १८३२ साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी ही नर्तकी ज्या जोड्यांत टोकांवर नाचली ते जवळजवळ साधे रेशमी जोडे होते, त्यांना थोडेसे टाके घालून बळ दिलेले. आजच्या पॉइंट जोड्यात कापड, कागद आणि खळ यांच्या थरांची कडक पेटी बोटांभोवती असते आणि तळव्याखाली ताठ पट्टी. तरीही वजन पेलतात ते घोटा, पोटरी आणि खुबा. जोडा फक्त त्याला टेकू देतो. लहान मुलांना साधारण अकरा-बारा वर्षांआधी हे जोडे देत नाहीत, कारण पावलांची हाडे अजून मऊ असतात. प्रौढाला ती भीती नसते, पण घोट्याची अट असते: पाऊल ताणले असता नडगी आणि पावलाची वरची बाजू एका सरळ रेषेत यावी लागते, आणि काही जणांच्या घोट्यामागचे हाड ते होऊच देत नाही. ज्यांचे घोटे ही अट पुरी करतात त्यांनाही नियमित वर्गाची दोन-तीन वर्षे लागतात. एका पायावर, बारला फक्त बोटे टेकवून, गुडघा सरळ आणि मांडी बाहेर वळलेली ठेवून टाच वीस-पंचवीस वेळा पूर्ण उंच उचलता आली आणि शेवटच्या वेळीही घोटा अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे लवंडला नाही, तर शिक्षकांकडे जोड्यांची गोष्ट काढायला हरकत नाही. माझी गाडी सध्या चौदाव्यावर अडते, तीही उजव्या पायाची. डावा नवव्यालाच करंगळीकडे झुकतो.